जाळी उद्या धुऊ

रात्री दोनला थ्री फेज लाइट येते. माणूस अंथरुणातून उठतो, बॅटरी घेऊन मळ्यात जातो, स्टार्टर दाबतो. केळीच्या बागेत पाणी सुरू होतं. ठिबकच्या फिल्टरवर दाब दाखवणारे दोन काटे आहेत. पाणी आत शिरतं तिथला काटा दीड किलो दाखवतोय, बाहेर पडतं तिथला पाऊण. म्हणजे जाळी चोंदलीय. मोटार बंद करायची, झाकण खोलायचं, जाळी धुऊन परत बसवायची, दहा मिनिटांचं काम. पण लाइट आठच तास आहे, पाना घरी राहिलाय, आणि झाडं तर हिरवीगार दिसताहेत. ‘जाळी उद्या धुऊ’ म्हणून तो बांधावर बसतो.

या माणसाला आळशी कोण म्हणेल? ऐन थंडीत रात्री दोनला उठून तो मळ्यात आलाय. आणि तरीही त्या दहा मिनिटांपुरता तिथे आळसच आहे. आळसाबद्दल बोलताना आपण नेहमी खाटेवर लोळणारा माणूस डोळ्यांसमोर आणतो, आणि तिथेच चुकतो. आळस सबंध माणसात नसतो. तो ठरावीक कामांना चिकटतो. काम छोटं असतं, ते करताना कोणी बघत नसतं, केल्याचं कौतुक नसतं आणि न केल्याचं नुकसान आज दिसत नाही. या चार गोष्टी एकत्र आल्या की कष्टाळू माणूससुद्धा चालढकल करतो. आमच्या खानदेशात बोलीभाषेत ‘ळ’चा ‘य’ होतो, आळसाचा ‘आयस’ होतो. पण उच्चार बदलला तरी त्याची बसायची जागा हीच.

जाळीचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण आळसाचं नुकसान नेमकं कसं होतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

जाळी चोंदली की पुढचा दाब घटतो. दाब घटला की लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, सुरुवातीची झाडं बऱ्यापैकी पाणी पितात, टोकाची उपाशी राहतात. यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे मोटार तासभर जास्त चालवणं. त्या तासात सुरुवातीच्या झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी मिळतं, टोकाच्या झाडांना जेमतेम पुरतं. ड्रिपमधून युरिया किंवा पोटॅश सोडत असाल तर तेही त्याच प्रमाणात वाटलं जातं. म्हणजे वीज गेली, वेळ गेला, खत गेलं, आणि बाग एकसारखी राहिली नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक फार वाढला की जाळी फाटते किंवा रबरी रिंगेच्या कडेने गाळ पुढे सरकतो. जाळीतली घाण दहा मिनिटांत निघते. नळीवर थेंब सोडणाऱ्या हजारो ड्रिपरमध्ये गेलेली घाण काढायला आठवडे लागतात, आणि काही ड्रिपर कायमचेच जातात.

आपल्या मळ्यात हे चाललंय का, ते पाहायला एक लिटरची बाटली पुरते. ताशी ४ लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत बरोबर एक लिटर पाणी देतो. पहिल्या लॅटरलचं तोंड आणि टोक, शेवटच्या लॅटरलचं तोंड आणि टोक, अशा चार जागा निवडायच्या. ड्रिपरखाली मातीत छोटा खड्डा करून पसरट डबा ठेवायचा. पाणी नळीच्या अंगाने वाहत दुसरीकडे जातं, म्हणून ड्रिपरच्या दोन्ही बाजूंना नळीला सुतळी गुंडाळायची, म्हणजे थेंब डब्यातच पडतो. पंधरा मिनिटांनी डबा बाटलीत ओतून बघायचा. नऊशे मिली आलं तर चालतं. टोकाला सातशेच आलं, तर तिथल्या झाडाला रोज तीस टक्के पाणी कमी जातंय, आणि पान पिवळं पडेपर्यंत ते कोणाला कळणार नाही.

वेळापत्रकही साधं आहे. मोटार सुरू केली की दोन्ही काटे बघायचे. फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की जाळी धुवायची. वाळूचा फिल्टर असेल तर उलटं पाणी सोडून बॅकवॉश करायचा. जाळी घासायला मऊ ब्रश घ्यायचा, तारेचा घेतला की भोकं मोठी होतात. दर पंधरा दिवसांनी आधी सबमेनचा, म्हणजे लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपाचा, फ्लश व्हॉल्व्ह उघडायचा, मग लॅटरलची टोकं चार-पाच करून उघडायची. सगळी एकदम उघडली तर दाबच राहत नाही आणि गाळ आत बसून राहतो. विहिरीचं पाणी जड असेल आणि ड्रिपरवर पांढरा थर धरत असेल तर ॲसिड सोडावं लागतं. किती, ते शेजाऱ्याला विचारून चालत नाही, कारण त्याचं पाणी वेगळं. आपल्या पाण्याची बादली घेऊन त्यात मोजून थोडं थोडं ॲसिड टाकायचं, पीएचचा कागद ४ दाखवेपर्यंत, आणि त्या हिशेबाने प्रमाण काढायचं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावून. शेवटच्या ड्रिपरपर्यंत ते पोचलं की मोटार बंद करून चोवीस तास थांबायचं, मग सगळ्या नळ्या धुऊन काढायच्या.

यातलं एकही काम अवघड नाही, ताकदीचं नाही. तरी हीच कामं राहतात. कारण केळीचा हिशेब लांबचा आहे. टिश्यूकल्चरची बाग साधारण अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते. तिसऱ्या महिन्यात टोकाच्या झाडांवर पडलेला ताण निसवण (घड बाहेर पडणं) लांबल्यावर दिसतो, आणि घड हलका भरल्यावर पैशात दिसतो. तोपर्यंत जाळीची आठवण कोणाला राहत नाही. दोष खताला जातो, रोपांना जातो, व्यापाऱ्याला जातो. आळसाची ही सगळ्यात वाईट बाजू आहे: कारण आणि परिणाम यांच्यामध्ये तो इतकं अंतर टाकतो की माणूस त्यातून शिकतच नाही. पुढच्या बागेला तीच जाळी, तोच ‘उद्या’.

वाफसा गेला की

दुसरी गोष्ट, जी काळ्या जमिनीत राबणाऱ्याला सांगावी लागत नाही, पण शहरात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाला मुद्दाम सांगावी लागते. टाळलेलं काम होतं तेवढंच राहत नाही.

जोराचा पाऊस झाला की काळ्या रानात चार दिवस पाय ठेवता येत नाही. औत घातलं तर चिखल पासेला चिकटतो, ढेकळं निघतात, जमीन दाबली जाते. मग वाफसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, औत चालेल इतकीच ओलसर होते. वाफसा आला की नाही ते बघायला चार बोटं खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. गोळा तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे. पडून भुगा झाला तर वाफसा आलाय. गोळाच होईना तर वाफसा गेला. पुढे कडक ऊन पडलं तर काळी जमीन दोन-चार दिवसांत आवळते आणि भेगाळायला लागते.

कपाशीतलं तण दोन-चार पानांवर असताना वाफशात कोळपं फिरवलं की ते उपटून उन्हात वाळतं. एक माणूस आणि बैलजोडी दिवसात बरंच रान उरकते. तेच काम आठ दिवस पुढे गेलं की तणाने मूळ धरलेलं असतं, कोळप्याने ते नुसतं वाकतं. मग निंदणीला बायांची टोळी लावावी लागते, आणि नेमकं त्याच आठवड्यात सगळ्या गावाला बाया हव्या असतात. मजुरीचा रोज वाढतो, गाडीचं भाडं वाढतं. तोवर तणाने खत खाल्लेलं असतं ते वेगळंच. कपाशीला पहिले दोन महिने तणाचा उपद्रव सगळ्यात जास्त भोवतो. पुढे ती स्वतः पसरून सावली धरते.

म्हणजे आठ दिवसांच्या चालढकलीने काम आठ दिवस पुढे गेलं नाही, कामाची जातच बदलली. एका माणसाचं काम दहा जणांचं झालं. कॉलेजच्या सबमिशनलाही हेच लागू आहे. दातातल्या छोट्या किडीला तर शब्दशः लागू आहे: वेळेवर गेलं तर दात भरून भागतं, पुढे रूट कॅनाल, त्याच्यापुढे दातच काढावा लागतो. पण प्रत्येक कामाला वाफसा नसतो, हेही खरं. माळ्यावरचा जुना संसार आवरायचा राहिला तर काही बिघडत नाही. म्हणून कामांची यादी करण्यापेक्षा यातल्या कोणत्या कामाचा वाफसा चाललाय, एवढं रोज सकाळी विचारावं. मी तर म्हणेन, यादीतली बाकीची कामं त्या दिवशी खुशाल राहू द्यावीत.

आळशी म्हणण्याआधी

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण ‘आळशी’ हा शब्द घराघरात फार सहज फेकला जातो, आणि कित्येकदा तो आजारी माणसाला लागतो.

सातवीतली मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून झोपते. जिना चढला की धाप लागते, अभ्यासात लक्ष नाही. घरचे म्हणतात, आळस भरलाय. तिचं हिमोग्लोबिन कोणी तपासलेलं नसतं. बारा वर्षांपुढच्या मुलीचं किंवा गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि मोठ्या पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या जेवणासोबत चहा घेतला की नीट लागू पडत नाहीत, लिंबू किंवा आवळ्यासोबत चांगल्या लागू पडतात. आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातला साठा भरायला त्या पुढे काही महिने चालू ठेवाव्या लागतात. थोडं बरं वाटलं की गोळ्या बंद होतात, ही नेहमीची चूक. थायरॉइड मंद असणं, बी-१२ कमी असणं, साखर वाढलेली असणं, हेही असंच सुस्तीच्या रूपात येतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो, टोमणे नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी, ती सिकलसेल हा रक्ताचा आजार. आदिवासी समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तो आईवडिलांकडून येतो, आणि त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला अतिश्रम, पाणी कमी पडणं, कडाक्याची थंडी यांनी हातपाय असह्य दुखायला लागतात. असं मूल खेळाच्या तासाला बसून राहिलं म्हणून त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षा नाही, इजा आहे. आधी सोल्युबिलिटीची साधी रक्तचाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की तपासणी. ती होईपर्यंत त्या मुलाला कामचुकार म्हणू नये, एवढी तरी माणुसकी आपण पाळू शकतो.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी बारा ते चार सावलीत पडून राहणं हा शहाणपणा आहे. बाहेरून आलेला एखादा साहेब दुपारी गाव झोपलेलं बघून मत बनवतो. त्याच गावात पहाटे पाचला औत जुंपलेलं असतं, ते त्याने पाहिलेलं नसतं. उन्हाळ्यात कामाचे दोनच तुकडे धरावेत, पहाट ते दहा आणि साडेचार ते अंधार. जे दुपारी डोकं लावून करायचं काम ठरवतात आणि मग होत नाही म्हणून स्वतःला दोष देतात, त्यांचं चुकतं ते वेळापत्रक.

पाना कुठे टांगलाय?

आजार नाही, ऊन नाही, झोप पुरेशी झालीय, आणि तरीही काम होत नाही. हा खरा आळस. त्याचा जीव पहिल्या दहा मिनिटांत असतो. जाळी धुताना कंटाळा येत नाही, धुवायला उठताना येतो. धावताना येत नाही, बूट घालताना येतो. त्यामुळे ‘मन घट्ट करा’ या उपदेशाचा फारसा उपयोग नाही. सुरुवात सोपी करणं हाताशी आहे.

वरच्या प्रसंगात पाना घरी होता, आठवतंय? तिथेच काम मेलं होतं. फिल्टरच्या पाइपालाच पाना, मऊ ब्रश आणि एक जास्तीची रबरी रिंग तारेने कायमची बांधून ठेवली की दहा मिनिटांचं काम खरोखर दहा मिनिटांत होतं. पाना आणायला घरी जायचं असेल तर ते पाऊण तासाचं होतं, आणि पाऊण तासाचं काम रात्री दोनला कोणी करत नाही. अभ्यासाला बसताना पेन शोधणं, चार्जर शोधणं, कोणतं प्रकरण घ्यायचं ते ठरवणं, हे सगळं असंच. रात्री झोपण्याआधी पुस्तक उद्याच्या पानावर उघडून, त्यावर पेन ठेवून झोपावं. सकाळी ठरवायला काही उरलं नाही पाहिजे, कारण झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं डोकं पूर्ण जागं नसतं. त्या धुंदीत ‘उठू की नको’ हा प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी ‘नको’च येतं. तो निर्णय आदल्या रात्री झालेला बरा. आणि मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत.

दुसरी युक्ती मानसशास्त्राने तपासून बघितलेली आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की ‘मी हे करणार’ असा निश्चय पुरत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं वाक्य बांधावं लागतं. ब्रिटनमध्ये २००२ साली विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा वीस मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं. व्यायामाबद्दल काहीच वाचायला न दिलेल्या गटात ३८ टक्के जणांनी तो केला. व्यायामाचे फायदे वाचायला दिलेल्या गटात ३५ टक्के, म्हणजे उपदेशाने काहीच फरक पडला नाही. ज्यांना दिवस, वेळ आणि जागा लिहून काढायला लावली, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी केला.

वाक्य कसं बांधायचं, यात लोक चुकतात. ‘रोज सकाळी अभ्यास करीन’ यात सकाळ फार मोठी आहे, आणि अभ्यासही. ‘स्टार्टर दाबला की दोन्ही काटे बघीन, फरक अर्ध्या किलोच्या वर असेल तर लगेच जाळी काढीन’, हे वाक्य पक्कं आहे. ‘रात्री ताट उचललं की ओट्याजवळच्या स्टुलावर बसून दिवसाचा खर्च वहीत लिहीन’, हेही. पहिला भाग म्हणजे रोज न चुकता होणारी घटना हवी. ‘वेळ मिळाला की’ ही घटना नाही. दुसरा भाग म्हणजे डोळ्यांना दिसणारी कृती हवी. ‘लक्ष देईन’ ही कृती नाही.

सवय लागायला २१ दिवस लागतात, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. तो आकडा अमेरिकेतल्या एका प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणातून पसरला, आणि ते निरीक्षण शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची पेशंटला सवय व्हायला किमान किती दिवस लागतात, याबद्दलचं होतं. मोजून केलेला अभ्यास लंडनचा आहे, २०१० मध्ये छापलेला, फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा. ९६ जणांना ८४ दिवस रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. गोष्ट आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत होता (२५४ हा आलेखावरून पुढे काढलेला अंदाज). जेवताना पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या उशिरा. आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट ही, की मधे एक दिवस चुकला तर सवयीच्या वाटचालीवर फारसा परिणाम झाला नाही. बाविसाव्या दिवशीही जड जातंय म्हणून ‘आपल्या रक्तातच नाही’ असं ठरवून कित्येक जण सोडून देतात. त्यांचा अजून अर्धा रस्ताही झालेला नसतो.

पोलीस भरतीच्या तयारीत ही चूक डोळ्यांनी दिसते. जाहिरात आली की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पोरं-पोरी पळायला लागतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० गुण: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं यासाठी २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर मारायचे, तिसऱ्या दिवशी नडगी दुखायला लागते, आठव्या दिवशी घरी. मग लोक म्हणतात, पोरगं आळशी निघालं. ते आळशी नव्हतं, उतावीळ होतं. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि स्नायुबंध मागून सावकाश तयार होतात.

आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी साधारण २४ मिनिटं धरा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. दुसऱ्यात दोन मिनिटं पळणं, दोन चालणं, सहा वेळा. चौथ्यापर्यंत पाच मिनिटं पळणं, एक चालणं, चार वेळा. सहाव्या आठवड्यात वीस मिनिटं सलग, पण पळताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश. सातव्यापासून आठवड्यात एकच दिवस वेगाचा: ४०० मीटर चार वेळा, मधे तीन मिनिटं विश्रांती. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा असतो. त्याचा सराव वेगळ्या दिवशी, धावून दमल्यावर नाही. दुखलं तर दोन दिवस चालायचं, पण वेळ तीच आणि रस्ता तोच ठेवायचा, म्हणजे सवय जिवंत राहते. दोन-तीन आठवडे पूर्ण थांबलं की कमावलेला दम उतरायला लागतो.

अंगचोरपणा

एक आळस फक्त गर्दीत येतो. एकट्याने काम करताना तो नसतो. माक्स रिंगेलमान या फ्रान्समधल्या शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. एकट्याने ओढताना लागणारा जोर १०० धरला तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ झाला, तिघांत ८५, आणि आठ जणांत ४९. त्यातला काही भाग ताळमेळ न जमल्याचा होता. पण १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगात तो भाग वेगळा काढून पाहिला, तरीही गटात माणूस कमीच जोर लावतो असं दिसलं. आपल्याकडे याला अंगचोरपणा म्हणतात.

कापूस वेचणी किलोवर असते. ज्याची त्याची झोळी वेगळी मोजली जाते, तिथे अंगचोरीला जागाच नाही. निंदणी रोजाने असते, आणि तिथे टोळीचा वेग सगळ्यात सावकाश हाताच्या मागे जातो. यावरून सगळीच कामं मोजून द्यावीत असं वाटेल, पण त्याची किंमत आहे. किलोवर वेचताना पालापाचोळा आणि किडकी कवडीही झोळीत येते, सकाळचा दवाने ओला कापूस वजनासाठी चालून जातो, आणि जिनिंगवर प्रत खाली लागते. म्हणून वेचणीत मोजमापासोबत कापूस स्वच्छ आहे का, हेही बघणारा माणूस लागतो, आणि निंदणीत प्रत्येकीला तिच्या ओळी वाटून देणं पुरतं. कोणाची ओळ स्वच्छ झाली ते शेवटी सगळ्यांना दिसतं. बचत गटाच्या पापडांच्या ऑर्डरीत, गणपती मंडळाच्या कामात, कॉलेजच्या पाच जणांच्या प्रोजेक्टमध्ये हीच गोष्ट करावी. ‘सगळे मिळून करू’ म्हणण्याआधी कोणत्या तुकड्यावर कोणाचं नाव, ते लिहून काढावं. बैठकीत सर्वांची सगळ्यालाच संमती असली की ते काम कोणाचंच नसतं.

आखाजीनंतर

आता राहतो खंड. चांगली लागलेली सवय मोडते ती बहुतेक वेळा सणात किंवा लग्नसराईत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घर माणसांनी भरतं, जागा आणि वेळा बदलतात. सवय जागेला आणि वेळेला बांधलेली असते, त्यामुळे ती सुटते. तेव्हा ती सुटू द्यावी. सणाच्या घरात पहाटे चारला अभ्यासाला बसण्याचा हट्ट कोणाच्याच कामाचा नाही.

मात्र परत सुरू करायचा दिवस आधीच ठरलेला हवा, आणि तो ‘सगळं आवरलं की’ नसावा. पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, जुन्याच वेळेला, जुन्याच जागी, पण निम्म्या मापाने. दोन तास वाचन असेल तर एक तास. चोवीस मिनिटं धावणं असेल तर बारा, तीही दोन आठवडे मागच्या टप्प्याची. चार दिवस राहिलेला अभ्यास एका दिवसात भरून काढायला गेलं की तो दिवस इतका जड होतो की पाचव्या दिवशी पुन्हा दांडी पडते. तीन दिवस निम्म्या मापाने झालं की चौथ्यापासून पूर्ण.

आणि सणात मोटार चालूच राहिली असेल, तर त्या दिवशी आधी फिल्टरकडे जावं. आठ-दहा दिवस जाळी कोणी उघडलेली नसेल. काटे बघा, धुऊन बसवा, मग शेवटच्या लॅटरलच्या टोकाला डबा ठेवून पंधरा मिनिटं मोजा.